त्रेचाळीस चेहऱ्यांचा कोट

मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. कर्जतच्या भिसेगावात, हरेशच्या फोटो आणि फ्लेक्सच्या दुकानात, एका टेबलावर डब्याबाहेर पडले आहे. एका वायरने मला नव्या कॉम्प्युटरला जोडलंय आणि मी फिरते आहे. नेरळहून कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या हर्षलाताई आल्या होत्या, त्या हरेशला बजावून गेल्या की ही एकदा थांबली तर पुन्हा उठायची नाही. म्हणून मित्रांनो, फिरते आहे तोवर सांगून टाकते.

माझा जन्म लांबच्या एका कारखान्यात झाला. तिथली माणसं डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत गुंडाळलेली असत, कारण धुळीचा एक कण आत गेला तरी आमची जात मरते. एवढे लाड करून मला पाठवलं कुठे, तर ज्या दुकानासमोरून दिवसभर खडीचे डंपर जातात तिथे. माझ्या पोटात आरशासारख्या गुळगुळीत ताटल्या आहेत. त्या गरगर फिरतात आणि त्यांच्यावरून एक बारीक सुई न टेकता सरकते. मला डोळे नाहीत, पण फोटो माझ्यातून जातो म्हणून मला तो दिसतो. कान नाहीत, पण माणसं बोलली की माझ्या ताटल्या किंचित थरथरतात, म्हणून मला बोलणं कळतं. रडणं तर फारच चांगलं कळतं.

दुकानातल्या बाकीच्या मंडळींबद्दल माझं मत विचाराल, तर ते काही फार चांगलं नाही. सगळं कौतुक मॉनिटरच्या वाट्याला. गिऱ्हाईक त्याच्याकडे बघून ‘काय मस्त आलाय फोटो’ म्हणायचं, आणि फोटो सांभाळणारी मी टेबलाखाली. यूपीएस हा एक नंबरचा रडका, लाईट गेली की टूं टूं करून सगळं घर डोक्यावर घेणार. पेनड्राईव्ह म्हणजे खिशातून धुण्यात आणि धुण्यातून कचऱ्यात जाणारी वस्तू. मोबाईल दहा हजार फोटो गिळतो आणि एकही कुणी पुन्हा बघत नाही. हल्ली लोक म्हणतात फोटो वर ‘क्लाऊड’वर ठेवलेत. वर काही नाही हो, दूर कुठल्यातरी खोलीत माझ्यासारख्याच हजार जणी फिरत असतात.

माझ्या आत दोन फोल्डर शेजारी शेजारी होते. एकाचं नाव ‘वाढदिवस’, दुसऱ्याचं ‘श्रद्धांजली’. कर्जत-खालापुरात माणसाचा वाढदिवस असो की दहावा, चौकात फ्लेक्स लागतोच. हरेशची कामाची रीत साधी होती. माणूस गेला की घरचे धावत यायचे, आणि हरेश त्याच माणसाचा वाढदिवसाचा फोटो काढून, फुगे पुसून, मागे समई लावायचा. चेहरा तोच, हसणंही तेच. एका फोल्डरमधून दुसऱ्यात जाताना तो माझ्या सुईखालून जायचा. पुढे पुढे मला वाढदिवसाचा एखादा हसरा फोटो आला तरी बरं वाटेनासं झालं. दुसऱ्या फोल्डरमध्ये त्याची जागा मला आधीच दिसायची.

पण प्रत्येकाचा वाढदिवसाचा फोटो कुठे असतो? गरिबाघरचा म्हातारा गेला की घरचे एखाद्या लग्नाच्या गर्दीतला, गंजीफ्रॉकवरचा, डोळे अर्धे मिटलेला फोटो आणायचे आणि म्हणायचे, जरा चांगला करून द्या, कोट घाला. मग हरेश कोट घालायचा. तुमच्याही घरात भिंतीवर असा एखादा फोटो असेल. चेहरा आपल्या माणसाचा, पण मान जरा जास्तच ताठ. आता तो कोट कुठून आला ते ऐका.

साधारण बारा वर्षांपूर्वी धर्माजी नावाचे गृहस्थ दुकानात आले. घरांना रंग द्यायचं काम करायचे, नदीलगतच्या बौद्धवाडीत राहायचे. त्यांची मुलगी उज्वला हिचं लग्न ठरलं होतं आणि त्यासाठी त्यांनी आयुष्यातला पहिला कोट शिवला होता. कोट घातलाय तर एक फोटो असू दे, म्हणाले. खुर्चीत ताठ बसले, दोन्ही हात मांडीवर. डाव्या हाताची करंगळी अर्धी होती, तरुणपणी एका कारखान्यात गेलेली. हरेशने हात खाली घ्यायला सांगितला, तर म्हणाले, नको, आहे ते आहे.

फार सुरेख फोटो आला होता. मी हजारो चेहरे सांभाळलेत, पण इतकं निवांत हसणारा माणूस क्वचित बघितला. हरेशने एक प्रत छापून फ्रेम करून दिली आणि मूळ फोटो माझ्याजवळ राहिला.

पुढच्याच आठवड्यात एक घाईचं काम आलं. गेलेल्या माणसाला कोट हवा होता. हरेशने धर्माजींचा फोटो उघडला, कोट झकास होता, त्याने मानेपासून वरचा भाग कापला आणि तिथे दुसरा चेहरा बसवला. इथवर ठीक होतं. पण धड पुन्हा उपयोगी पडेल म्हणून ते ठेवताना त्याने वेगळं नाव द्यायचं सोडून नुसतं ‘सेव्ह’ दाबलं. माझ्या यादीत धर्माजींचा फोटो होता, तिथे बिनडोक्याचा कोट आला.

आता मित्रांनो, आमच्या जातीचं एक गुपित सांगते. आम्ही काही पुसत नाही. यादीतलं नाव खोडतो आणि जागा मोकळी धरतो. जुनं तिथेच पडून असतं, कुणी त्यावर नवं लिहीपर्यंत. धर्माजींचा चेहरा माझ्या एका कोपऱ्यात तसाच होता, बिननावाचा. कुणाला दिसत नव्हता. मला दिसत होता. रोज दुकानात नवे फोटो यायचे, आणि आज नाहीतर उद्या त्यातला एखादा त्या चेहऱ्यावर लिहिला जाणार, हे मला ठाऊक होतं. जिथे लिही म्हणतील तिथे लिहिणं हे माझं काम. पण त्या जागेपाशी आले की माझी सुई अडखळायची. कॉम्प्युटर दोनचारदा प्रयत्न करायचा आणि दुसरीकडे जायचा. याला तुम्ही बिघाड म्हणा. मी काय म्हणते ते माझं मला माहीत.

आणखी एक गोष्ट घडायची. फोल्डर उघडलं की फोटोंची नखाएवढी चित्रं समोर येतात, ती कॉम्प्युटर वेगळी साठवून ठेवतो आणि कधीकधी बदलायला विसरतो. हरेशने कोटाचं फोल्डर उघडलं की डोळ्याचं पातं लवेपर्यंत धर्माजी पूर्ण दिसायचे, हसताना. मग मान उडायची आणि नुसता कोट उरायचा. हरेश ते बघून पहिल्यांदा खुर्चीतून उठलाच. मग त्याला सवय झाली. सवय म्हणजे काय, फोल्डर उघडताना तो दुसरीकडे बघायचा.

कोट मात्र चालला. कुणासाठी काळा केला, कुणासाठी निळा. एकाच मानेवर चेहरे येत राहिले आणि जात राहिले. दामतपासून खोपोलीपर्यंत घराघरांत ते धड हाराखाली बसलं होतं. समोर उदबत्ती लागत होती, लोक हात जोडत होते. आणि ज्याचं ते धड, तो माणूस सायकलवर रंगाचे डबे लटकवून त्याच गावांतून फिरत होता. मला विचाराल तर याची मला भीती वाटायची.

मग एका वर्षी उल्हास नदीचं पाणी घराघरांत शिरलं. पाणी ओसरल्यावर ओल्या भिंती खरवडून रंग द्यायला धर्माजींना खूप बोलावणी आली. रंग देण्याआधी भिंतीवरचे फोटो उतरवावे लागतात. एका घरात त्यांनी एका म्हाताऱ्याचा फोटो उतरवला, फडक्याने पुसला, आणि त्यांना मांडीवरचा, अर्ध्या करंगळीचा डावा हात दिसला. चार दिवसांनी दुसऱ्या घरात तोच हात, वर वेगळाच चेहरा. मग तिसऱ्या घरात.

ते दुकानात आले तेव्हा भर दुपार होती. त्यांनी आरडाओरडा केला नाही. हरेशला त्यांनी सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, “हरेश, तो हात माझा हाय रं. मी जिता हाय आनि माझ्या धडाला लोकं हार घालतात. मी त्या घरात उभा र्‍हाऊन माझ्याच पाया पडू का काय?”

हरेशने हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला, काका, तुमचा कोट सगळ्यांना शोभतो म्हणाला. धर्माजी हसले नाहीत. त्यांच्या घरचा फोटो पाण्यात काचेला चिकटून पांढरा पडला होता, उज्वलाच्या लग्नाच्या अल्बमचाही लगदा झाला होता. माझा फोटो मला पुन्हा काढून दे, बाकी काही नको, एवढंच त्यांनी मागितलं. हरेशने शोधलं. एकदा, दोनदा, नाव बदलून, तारीख लावून. तेव्हा त्याला कळलं की आपण ‘सेव्ह’ दाबून काय करून बसलो. तेव्हाच कुणा जाणकाराला बोलावलं असतं, तर सगळा फोटो मिळाला असता. पण तो म्हणाला, “देतो काका, शोधून ठेवतो.”

खोटं बोलला. मला त्याचा राग आला, आजही आहे. धर्माजींनी दोनचार चकरा मारल्या आणि मग येणं सोडलं. पण त्या दिवसानंतर ते कुणाच्याच कॅमेऱ्यासमोर उभे राहिले नाहीत. नातवंडाच्या बारशात, लेकीच्या गृहप्रवेशाला, मोबाईल वर झाला की ते तोंड फिरवायचे म्हणे. आणि हरेशने काय केलं, तर कोटाच्या डाव्या हातावर गुलाबाचं एक फूल चिकटवलं. कोट पुढेही चालूच राहिला.

दोन वर्षांनी दुकानात नवा कॉम्प्युटर आला. त्यात माझ्या जागी एक एसएसडी आहे, नव्या जातीची डिस्क. चपळ आहे, नाही म्हणत नाही. पण ना आवाज, ना फिरणं. आम्ही मरायच्या आधी महिनाभर कुरकुरतो तरी, हिचं बोलणं एका क्षणात बंद होतं म्हणे. माझ्यातलं सगळं तिच्यात उतरवलं, म्हणजे यादीत होतं तेवढं. ज्याचं नाव यादीत नव्हतं तो चेहरा माझ्याकडेच राहिला. मला एका खणात टाकलं, जुन्या चार्जरांच्या आणि सुकलेल्या शाईच्या बाटल्यांच्या सोबतीला. फिरणं थांबलं. त्या काळोखात मी आणि धर्माजी दोघंच होतो.

यंदाच्या चैत्रात दुकानात एक बाई आली. तिचा आवाज मी ओळखला नाही, पण बोलण्यावरून कळलं की ही उज्वला, खोपोलीला दिलेली धर्माजींची लेक. वडील आठ दिवसांपूर्वी गेले, रविवारी जलदानविधी आहे आणि वडिलांचा एकही फोटो नाही, असं ती सांगत होती. आधार कार्डावरच्या फोटोत तर चेहरा सोडून सगळं दिसतं. मोबाईलमध्ये शंभर फोटो आहेत आणि शंभरांत बाबांची पाठ आहे. मग ती थांबली आणि म्हणाली, “माझा पोरगा तीन वर्षांचा हाय, दादा. त्याला आजा कसा दिसायचा ते मी काय दाखवू? तुमच्याकडं एक फोटो हाय, असं बाबा म्हनायचे. नुसतं म्हनायचे, मागायला येत नव्हते.”

हरेशने तिला सगळं सांगितलं, गुलाबाच्या फुलासकट. मला वाटलं ती त्याच्या तोंडावर काहीतरी फेकून मारेल. ती स्टुलावर बसली आणि पाणी मागितलं.

त्याने मला खणातून काढलं. जोडलं, पण मी उठले नाही, ताटल्या जागच्या जागी आखडल्या होत्या. कुणीतरी मोबाईलवर सांगितलं की डिस्क फ्रीजरमध्ये ठेवली की चालते. मग या शहाण्याने मला पिशवीत घालून घरी नेलं आणि सुक्या बोंबलांच्या शेजारी ठेवलं. मित्रांनो, असले उपाय कुणी सांगितले तरी करू नका. त्याने बरं काही झालं नाही, वर अंगाला पाणी सुटलं.

शेवटी त्याने नेरळच्या हर्षलाताईंना बोलावलं. त्यांनी वास घेतला आणि आधी हरेशला झापलं. मग मला पुसून, वाळवून, हातात धरून एक हलका झटका दिला. मी फिरायला लागले. कुरकुरत, पण फिरायला लागले. त्या म्हणाल्या, “लाईट जाऊन देऊ नको. यूपीएस दुसऱ्या कशाला लावू नको. ही परत उठायची नाय.” त्या रडक्या यूपीएसबद्दल मी काय काय बोलले होते, ते सगळं मागे घेते. तेव्हापासून तोच मला धरून आहे.

नखाएवढं चित्र पहिल्याच दिवशी सापडलं. उज्वला ते बघायला स्क्रीनजवळ सरकली. पण मोठं केलं की नुसते चौकोन, माणूस नाहीच. मूळ जागा शोधायला हवी होती. हर्षलाताईंचा प्रोग्राम माझ्या एकेका मोकळ्या कोपऱ्यावरून सरकत होता आणि माझ्या आतून टकटक येत होती. कितीतरी जुने चेहरे वर आले, खोडलेले, विसरलेले, ज्यांचे फ्लेक्स कधीच फाटले ते. उज्वला रोज खोपोलीहून यायची, स्टुलावर बसायची. उद्या रविवार होता. मी त्या अडखळणाऱ्या जागेपाशी आले आणि मला कळलं की ही जागा वाचवायला मी जे मोडून घेतलं, त्यामुळेच आता ती वाचता येत नाहीये. एकदा गेले, आवाज झाला. दुसऱ्यांदा गेले. तिसऱ्यांदा अंगात होतं नव्हतं ते सगळं लावलं.

फोटो वरून खाली उलगडत आला. केस, कपाळ, डोळे, ते निवांत हसणं, हनुवटी. मग सगळं करडं. गळ्याच्या खालचं काही उरलं नव्हतं.

“बाबा,” उज्वला म्हणाली. एवढंच म्हणाली.

हरेशने कोट उघडला. आज फोल्डर उघडताना त्याने नजर फिरवली नाही. हातावरचं गुलाबाचं फूल काढलं, रंग मूळचा केला आणि चेहरा मानेवर ठेवला. त्रेचाळीस वेळा त्याला मान घासावी लागली होती, रंग जुळवावा लागला होता. या वेळी काहीच करावं लागलं नाही. चेहरा ठेवला आणि बसला.

मग हरेश म्हणाला की हा कोट आता पुसतो, पुन्हा कुणाला वापरायचा नाही. उज्वलाने डोळे पुसले आणि त्याला विचारलं, “मग ज्यांच्याकडं गंजीफ्रॉकावरचाच फोटो असंल, त्यांना तुमी काय देनार, दादा? तसेच पाठवनार?”

रविवारी धर्माजींचा फोटो बुद्ध-बाबासाहेबांच्या तसबिरींखाली लागला. नातवाने आजोबांच्या अर्ध्या करंगळीवर बोट ठेवून बघितलं म्हणे. सोमवारी हरेश घरून स्वतःचा लग्नातला कोट घेऊन आला. पोटावर तो बसत नव्हता, मागून चिमटा लावला. हर्षलाताई आपली हत्यारं न्यायला आल्या होत्या, त्यांच्या हातात कॅमेरा दिला आणि तो खुर्चीत बसला, दोन्ही हात मांडीवर. तो फोटो त्याने आधी बायकोच्या मोबाईलवर पाठवला, मग पेनड्राईव्हवर घेतला, मग हर्षलाताईंकडे दिला, एक माझ्यातही ठेवला. मग दुसऱ्या नावाने नवी प्रत केली आणि स्वतःची मान कापायला घेतली. माउस गळ्यापाशी आला आणि थांबला. मग त्याने डोळे न मिटता शेवटपर्यंत रेघ ओढली.

मित्रांनो, माझं आता फार दिवसांचं नाही. टकटक वाढली आहे. एकच मागणं आहे. आपल्या माणसाचा एक तरी चांगला फोटो काढा, तो जिवंत असताना काढा, आणि एकाच ठिकाणी ठेवू नका. आमच्यावर विश्वास ठेवा, पण आमच्यावरच सोडू नका. आणि कुणाचं काही वापरलंत, तर त्याला विचारून वापरा. आम्ही यंत्रं विसरत नाही, पण मागितल्याशिवाय देतही नाही.

आत्ता दुकानात खालापूरकडच्या सोनुबाई नावाच्या एक आजी बसल्या आहेत. त्यांचे मालक चांगो परवा गेले. शेतातला, उघड्या अंगाचा फोटो आणलाय. हरेशने तो चेहरा नीट कापून घेतला, नव्या मानेवर ठेवला, कॉलर सरळ केली. म्हातारी स्क्रीनकडे बघत राहिली. आजवर कुणी विचारलं नव्हतं ते तिने विचारलं, “कोट लई चांगला हाय रं. कुनाचा?”

“माझा हाय, आजी,” हरेश म्हणाला.